पडदा फुटला तर?

लॅपटॉपचा पडदा फुटला की लॅपटॉपच गेला, असे पुष्कळांना वाटते. बहुधा आतले यंत्र शाबूत असते. खात्री करायची तर एचडीएमआय केबलने तो घरच्या टीव्हीला जोडावा. चित्र नीट दिसले, म्हणजे खर्च फक्त पडद्याचा. तोवर अभ्यासही टीव्हीवर करता येतो.

भोर-वेल्ह्याहून पुण्याला दोनदा जायचे, तर एस.टी.च्या भाड्यातच बचत संपते! म्हणून जाणत्या माणसाकडून पडद्याच्या पाठीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि तापकीर गल्लीतल्या दुकानात आधी फोन करावा. नुसते '१५.६ इंच' सांगून भागत नाही. एकाच मापाच्या पडद्यांना जोडणीच्या पिना कधी ३० असतात, कधी ४०. वापरलेला पडदा स्वस्त मिळतो; मात्र तो दुकानातच लावून, चालू करून पाहावा.