डोपामीन : मात्रेचें औषध

घरांतील कोणी अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागांत दाखल झालें असतां, ‘डोपामीन चालू केलें आहे’ हे शब्द कधीं कधीं दाराशीं उभ्या असलेल्या आप्तांच्या कानीं पडतात. ते ऐकून ‘आतां हा शेवटचा उपाय’ असें समजून कित्येकांचा धीर सुटतो. म्हणून ह्या औषधाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें.

डोपामीन आपलें शरीर स्वतःच तयार करतें. प्रयोगशाळेंत तें लंडन येथें १९१० सालीं बनविण्यांत आलें. मेंदूंतील त्याचें कार्य दाखवून देणारे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु शिरेंतून दिलेलें डोपामीन रक्तांतून मेंदूंत शिरूं शकत नाहीं. त्यामुळें कंपवातावर त्याचा उपयोग होत नाहीं. रक्तदाब ढासळला असतां हृदयास व रक्तवाहिन्यांस आधार देणें, एवढेंच त्याचें येथें काम.

रक्तांत गेलेल्या ह्या औषधाचा निम्मा अंश सुमारें दोन मिनिटांत नाहींसा होतो. म्हणून पंप लावून त्याची अखंड धार चालू ठेवावी लागते. मात्रा मोजावयाची ती वजनाच्या दर किलोमागें, दर मिनिटास, मायक्रोग्रॅमांत. म्हणजे ग्रॅमच्या दहा लक्षाव्या भागांत! ५ पर्यंतच्या मात्रेनें मुख्यतः मूत्रपिंडांच्या व आंतड्यांच्या रक्तवाहिन्या सैलावतात. ५ ते १० पर्यंत हृदयाच्या आकुंचनास जोर येतो. १० च्या वर रक्तवाहिन्या आवळून दाब चढतो. औषध एक, परि रूपें तीन! अर्थात् ह्या सीमा प्रत्येक रोग्यांत तंतोतंत जुळतातच असें नाहीं.

अल्प मात्रेनें लघवी वाढते, हें पाहून ‘मूत्रपिंडें वाचतात’ अशी वैद्यकाची अनेक वर्षें समजूत होती. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ३२८ रोग्यांवरील प्रयोगानें २००० सालीं ती खोटी ठरली. लघवी वाढणें निराळें आणि मूत्रपिंड वाचणें निराळें! पुढें २०१० सालीं १६७९ रोग्यांत डोपामीन व नॉरअॅड्रिनलीन यांची तुलना झाली. मृत्यूंत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास डोपामीननें शेंकडा २४ जणांस, तर दुसऱ्यानें १२ जणांस झाला. म्हणून आज बहुधा नॉरअॅड्रिनलीन प्रथम वापरतात, व डोपामीन निवडक रोग्यांस देतात.

घरच्या मंडळींनीं दोन गोष्टी अवश्य कराव्या. रोगी कंपवातावरील सेलेजिलीनसारखें औषध घेत असल्यास तें डॉक्टरांस आधींच सांगावें. अशा वेळीं डोपामीनची आरंभीची मात्रा एकदशांशाइतकी कमी ठेवावी लागते. तसेंच सुई टोंचलेल्या जागीं आग होऊं लागली किंवा कातडी पांढरी पडली, तर परिचारिकेस तत्काळ हांक मारावी. शिरेबाहेर झिरपलेलें हें औषध तेथील मांस नासवितें. पंपास मात्र स्वतः हात लावूं नये.

आणि डॉक्टर भेटले असतां ‘डोपामीन कां लावलें?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘मात्रा चढत आहे कीं उतरत आहे?’ हेंहि विचारावें. रोग्याचें शरीर स्वतःचा भार पुन्हां उचलूं लागलें आहे कीं नाहीं, ह्याचा कांहीं अंदाज त्या उत्तरावरून येतो.