स्मृतीला आधार देणारे घर

वार्धक्यात थोडाफार विसर पडणे स्वाभाविक आहे. परंतु स्मृतिभ्रंश हा विकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजेच जवळजवळ ८८ लाख व्यक्ती या विकाराने ग्रस्त आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये या विकाराला हातभार लावणारी, परंतु दूर करता येण्याजोगी १४ कारणे नमूद केली. हालचालींचा अभाव, एकाकीपणा, दृष्टिदोषाकडे झालेले दुर्लक्ष आणि डोक्याला होणारी इजा ही त्यांपैकी काही होत. या चारही बाबींचा घराच्या रचनेशी निकटचा संबंध आहे. केवळ घर बदलल्याने विकार टळेल असे नव्हे. तथापि बुद्धी कार्यक्षम राखण्यास घराचे साहाय्य निश्चितच होऊ शकते.

प्रकाश आणि रंग

साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोचतो. म्हणून जिना, न्हाणीघर आणि शयनगृहापासून शौचालयापर्यंतची वाट येथे पुरेसा, परंतु डोळे न दिपविणारा उजेड असावा. दिवसा खिडकीतून येणारा सूर्यप्रकाश रात्रीच्या झोपेसही उपकारक ठरतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरीच आधारदांडी चटकन दिसत नाही. ती गडद रंगाची असावी. पायऱ्यांच्या कडांवर ठळक रंगाचा पट्टा ओढावा. गडद रंगाचे पायपुसणे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस खड्ड्यासारखे भासू शकते, हेही ध्यानात ठेवावे. न्हाणीघरातील लादी गुळगुळीत नसावी आणि उंच उंबरठे शक्यतो काढून टाकावेत.

परिचित मांडणी

वर्षानुवर्षांच्या सवयीने हात नेमक्या डब्याकडे जातो. ही सवय स्मृतीचा मोठाच आधार होय. म्हणून घराची दुरुस्ती करताना वृद्धांच्या वस्तूंच्या जागा शक्यतो बदलू नयेत. नित्याच्या वस्तू उघड्या फडताळात, नजरेच्या टप्प्यात असाव्यात. मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि दिनदर्शिका समोर असावी.

काम आणि सहवास

पुष्कळ घरांत प्रेमापोटी एक चूक होते. पडण्याच्या भीतीने वृद्धांना एका खोलीत बसवून ठेवले जाते आणि त्यांची सारी कामे इतर जण करतात. त्यामुळे सुरक्षितता लाभली तरी हालचाल, निर्णय आणि संभाषण ही तिन्ही हिरावली जातात. त्याऐवजी स्वयंपाकघरात भाजी निवडण्यासाठी खुर्ची व मेज ठेवावे. तुळशीला पाणी घालण्याची वाट निर्वेध करावी. धोका कमी करावा, काम मात्र काढून घेऊ नये.

जुन्या घरांची ओसरी आणि चाळींची सामाईक गॅलरी येथे वृद्धांना सहजच माणसे भेटत. पुनर्विकासानंतर बंद दाराच्या सदनिकेत हा सहवास तुटण्याची शक्यता असते. नव्या इमारतीचे नकाशे तयार करतानाच प्रवेशद्वाराजवळ सावलीतील बाके, चढ-उतारासाठी कठड्यासह उतरण आणि फेरफटक्यासाठी सलग वाट यांचा गृहनिर्माण संस्थांनी आग्रह धरावा.

विसरामुळे दैनंदिन व्यवहारात अडचण येऊ लागल्यास 'वयच झाले' असे म्हणून स्वस्थ न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा. उपरोक्त सुधारणांपैकी अनेक अल्प खर्चाच्या आहेत. एखादा जादा दिवा, एक आधारदांडी आणि घरातील एखादे काम, एवढ्यापासून प्रत्येक कुटुंबास आजच प्रारंभ करता येईल.