पाण्याला बांध घालताना

समुद्र, खाडी आणि नदी यांच्या काठी माणूस वस्ती करून राहू लागला, तेव्हापासून तो पाण्याला बांध घालीत आला आहे. कोकणातील खारबांध, समुद्रकिनाऱ्यावरील दगडी बंधारे, नदीकाठच्या संरक्षक भिंती ही सर्व त्याचीच रूपे होत. गावोगाव अशा कामांची मागणी होते, निधी मंजूर होतो, नारळ फुटतो. परंतु बांध नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, याचा विचार फारसा होत नाही. आम्ही काही अभियंते नव्हेत. कला शाखेत शिकून बँकेच्या खातेवह्यांत रमलेली माणसे आहोत. तरीही हा विषय केवळ अभियंत्यांवर सोडण्यासारखा नाही, असे आम्हांस वाटते. कारण बांध फुटला की पाणी प्रथम सखल भागातील वस्तीत शिरते, आणि सखल जागी कोण राहतो हे वेगळे सांगावयास नको.

बांध आणि उघाडी

रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण भागातला खारेपाट पाहू. येथील भातशेती उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालतात व त्याच्या बाहेरील अंगाला दगड रचतात. पण नुसताच बांध घातला तर पावसाचे पाणी आत तुंबून भात कुजेल. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. उघाडीचे झडपेसारखे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते; ओहोटी लागली की आतले गोडे पाणी त्याला ढकलून खाडीत जाते. गोव्याच्या खाजन शेतीत हेच काम 'मानस' करते. पाण्याला अडवावयाचे तर त्याला जाण्याची वाटही द्यावी लागते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

राखण कोणी करावयाची?

असा बांध सहसा एका दिवसात फुटत नाही. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपते, बीळ रुंदावते आणि एखाद्या मोठ्या उधाणाला बांधास खांड पडते. खांड एकाच्या शेतापाशी पडते, पण खारे पाणी सर्वांच्या शेतांत पसरते. जमिनीत मुरलेले मीठ धुऊन जाण्यास काही पावसाळे जावे लागतात. खांड बुजविली नाही तर त्या शेतांत तिवरे उगवतात; तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे पुढे बांध दुरुस्त करणेही अवघड होऊन बसते. थकलेल्या कर्जावर व्याज चढावे, तसाच हा प्रकार आहे.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारांवर असे व त्याबद्दल त्यांना बिघ्यामागे मणभर भात मिळे. ती पद्धत मागे पडली. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला आणि बांधांच्या मोठ्या योजना शासनाकडे गेल्या. जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, हे योग्यच झाले. मात्र बांधावरून रोज फेरी मारणारा माणूस कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला.

भिंत जोर संपवीत नाही

उघड्या समुद्रकिनाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तेथे लाटेचा मार असतो. सरळ उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंतीखालचा आधारच जातो. म्हणून मोठे दगड उतरत्या रचनेने टाकतात. त्यांच्या फटींत शिरून लाट फुटते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, याच तत्त्वावर आहेत. त्यांचा शोध १९५० साली फ्रान्समध्ये लागला. तरीही बंधारा जेथे संपतो तेथून पुढे धूप वाढण्याची भीती असतेच. किनाऱ्यापासून समुद्रात आडवा बंधारा घातला, तर एका अंगाला वाळू साचते व दुसऱ्या अंगाची वाळू तुटते. नदीच्या एका काठास उंच भिंत बांधली, तर पुराचे पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या गावात चढू शकते. थोडक्यात, भिंत पाण्याचा सगळा जोर संपवीत नाही. पुष्कळदा तो शेजाऱ्याच्या दारी नेऊन सोडते.

या विषयात जगात अग्रेसर असलेल्या नेदरलँड्सचा अनुभवही असाच आहे. १९५३ च्या फेब्रुवारीच्या प्रारंभी समुद्राने तेथील बांध फोडले व १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या देशाने प्रचंड बंधारे व दरवाजे उभारले. पण २००६ पासून त्याच देशाने काही ठिकाणी नदीकाठचे बांध मागे सरकवून पुराच्या पाण्याला जागा मोकळी करून दिली. बांधाची उंची वाढवीत राहणे हाच एक उपाय नव्हे, हे त्यांनीही मान्य केले.

आपण काय विचारावे?

सभासद बंधू-भगिनींनो व विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावी बंधारा किंवा संरक्षक भिंत मंजूर झाली, तर ग्रामसभेत तीन प्रश्न अवश्य विचारा. आतले पावसाचे पाणी कोठून बाहेर जाणार? अडविलेले पाणी कोणाच्या दारी जाणार? आणि काम झाल्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची पाहणी व दुरुस्ती कोण करणार, पैसा कोठून येणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर नोंदवून घ्या. बांधासमोरची तिवरे राखा. लाटेचा पहिला मार ती झेलतात.

दगड आणि माती ही बांधाची सामग्री झाली. एकाच्या शेतापाशी पडलेली खांड ही सर्वांची खांड आहे असे मानणारे गाव पाठीशी नसेल, तर कितीही भक्कम बांध फार काळ टिकत नाही.