‘व्हाय फायनान्स?’

रविवारची सकाळ. मी आरामात पोह्यांवर लिंबू पिळतेय आणि मोबाइल वाजतो. पलीकडे माझी पनवेलची मावसबहीण. “ताई, तू मास कम्युनिकेशन केलंयस ना? मग माझा एसओपी लिहून दे!”

एसओपी, अर्थात स्टेटमेंट ऑफ पर्पज. म्हणजे ‘तुम्हाला हाच कोर्स का करायचाय’ या प्रश्नाचं सभ्य भाषेतलं उत्तर. आमच्या बाईसाहेब वय वर्षं सव्वीस, बी.कॉम., बेलापूरच्या एका चकाचक ऑफिसात दिवसभर दोन एक्सेल शीट्स एकमेकींशी जुळवतात. आता त्यांना फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय. लेख पाडणं हा माझा धंदाच. त्यामुळे मी तासाभरात एसओपी पाठवून दिला. ‘लहानपणापासून मला आकड्यांचं विलक्षण आकर्षण...’ वगैरे वगैरे.

दोन मिनिटांत उत्तर आलं. “ताई, सातवीत मी गणितात नापास झाले होते गं.”

झालं! बॅग उचलली आणि हार्बर लाइन पकडली. सव्वा-दीड तासाने पनवेल.

फायनान्स एक, दारं अनेक

डायनिंग टेबलवर कागदांचा नुसता पसारा होता. तुमच्यापैकी अनेकांचं इथेच गाडं अडतं, नाही का? सगळे म्हणतात ‘एमबीए फायनान्स कर’, पण नेमकं काय कर?

मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसमध्ये पहिल्या वर्षी मार्केटिंगपासून एचआरपर्यंत सगळ्याची चव घ्यायची आणि दुसऱ्या वर्षी फायनान्स निवडायचं. एम.एस्सी. इन फायनान्ससारख्या कोर्समध्ये मात्र सुरुवातीपासून फायनान्सच. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधला फायनान्शियल इकॉनॉमिक्सचा एम.एस्सी. अर्थशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्सकडे झुकणारा. आणि नोकरी सोडायची नसेल, तर विद्यापीठाचा पार्ट टाइम मास्टर्स हा मुंबईकर नोकरदारांचा जुना मार्ग. वर्ग संध्याकाळी, कोर्स तीन वर्षांचा.

एमएमएससाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. परवापरवापर्यंतचा तिचा ढाचा म्हणजे १५० मिनिटांत २०० प्रश्न. प्रत्येकी ४५ सेकंद! निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि गंमत म्हणजे यात ताळेबंदावर एकही प्रश्न नाही. लॉजिक, आकृत्या, गणित, इंग्रजी, बस्स. तुम्हाला फायनान्स येतं का, हे कुणी विचारतच नाही. ‘फायनान्सच का?’ हा प्रश्न येतो तो नंतर, मुलाखतीच्या टेबलावर.

बहिणीचं लक्ष मात्र घराजवळच होतं. पाताळगंगा म्हटलं की आम्हा पनवेलकरांना आठवतात ते कारखाने. पण तिथेच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्सचा, म्हणजे एनआयएसएमचा कॅम्पस आहे. सेबीने २००६ साली ही संस्था काढली आणि २४ डिसेंबर २०१६ रोजी या कॅम्पसचं उद्‌घाटन झालं. म्युच्युअल फंड विकणाऱ्या एजंटला जी परीक्षा द्यावी लागते, ती घेणारी हीच संस्था. सिक्युरिटीज मार्केट्सवरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमाही इथे आहे. नाव डिप्लोमा, अभ्यास मास्टर्सच्या तोलाचा.

“मग अडलंय कुठे?” मी विचारलं.

तिने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला.

खरा पेपर घरचाच

पगार ३८ हजार. पूर्णवेळ कोर्स म्हणजे २४ महिने पगार बंद. हिशेब झाला ९ लाख १२ हजार, फी वेगळी. फीसाठी शैक्षणिक कर्ज मिळतं. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. त्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते. इथवर सगळं छान!

पण घराच्या कर्जाचा १४ हजारांचा हप्ता तीच भरते. दोन वर्षांचे झाले ३ लाख ३६ हजार. तिच्या खात्यात शिल्लक २ लाख १० हजार. म्हणजे पंधरा महिन्यांची सोय आहे, नऊ महिने उघडे. आणि काका पुढच्या वर्षी तळोज्याच्या कंपनीतून रिटायर होतायत. घरात हे अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

“एवढा जुगार कशासाठी खेळतेयस?” मी जरा चिडूनच विचारलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कर्नाळा बँक आठवते?”

कोण विसरेल! पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. पुरेसं भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही, हे कारण. ठेव विमा महामंडळाकडून सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असंही तेव्हा सांगितलं होतं. विम्याची मर्यादा ५ लाख. २०२० पूर्वी ती अवघी १ लाख होती.

मावशीकडचे पैसे त्या बँकेत नव्हते. पण ही तेव्हा नुकतीच बी.कॉम. झालेली, बिल्डिंगमधली ‘हिशेबातली मुलगी’. शेजारच्या काकू पेपर घेऊन आल्या. पाच लाख मुद्दल धरून की व्याजासकट? नवरा-बायकोच्या नावाची ठेव एक धरायची की दोन? आणि शेवटचा प्रश्न, “अगं, आधी कळत नाही का हे? बँकेचे आकडे छापून येतात ना?”

“पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी शोधून काढली,” ती म्हणाली. “व्याजासकट पाच लाख, आणि जॉइंट ठेव वेगळी धरतात. तिसऱ्याचं मात्र देता आलं नाही. ताळेबंद समोर ठेवला असता तरी मला वाचता आला नसता. बी.कॉम. असून! आता रोज आकडे जुळवते, पण ते काय सांगतात ते कळत नाही. मला ते शिकायचंय.”

मी लॅपटॉप उघडला आणि माझं ‘विलक्षण आकर्षण’ डिलीट केलं. “हे जे आत्ता बोललीस ना, तेच लिही. स्वतःच्या शब्दांत.”

तिने लिहिलं. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी. मी फक्त स्पेलिंग तपासलं. माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरं होतं, हे कबूल करायला मला दोन कप चहा लागला.

संध्याकाळी काकांसमोर कॅल्क्युलेटर ठेवला गेला. पंधरा महिने हे, नऊ महिने ते. काकांनी चष्मा लावला, आकडे दोनदा तपासले. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी श्वास रोखलेला.

“नऊ महिन्यांचं माझ्या ग्रॅच्युइटीतून बघू,” काका म्हणाले. “पण सीट मिळाल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?”

उठून त्यांनी कपाटातली फाइल काढली. तिची पदवी, सगळ्या मार्कशीट्स, तारखेप्रमाणे लावलेल्या. सातवीची सुद्धा.