नोटा छापणारं उपनगर

वणीच्या बाजारात कांद्याची गाडी रिकामी करून शेतकरी पैसे मोजून घेतो, तेव्हा त्यातली एखादी पाचशेची नोट पन्नासेक किलोमीटरवरच तयार झालेली असू शकते. तिच्यावरच्या गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवून पाहा. खरखर लागते. कोरलेल्या धातूच्या पत्र्यावर शाई लावायची, वरची पुसून फक्त खाचांमधली राहू द्यायची आणि कागद इतक्या जोराने दाबायचा, की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो. तो उठाव असा येतो. अशोकस्तंभ, उजवीकडचं वर्तुळ, दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघाही अशाच उठतात आणि दृष्टिहीन माणूस त्या चाचपून नोट ओळखतो. देशात हे काम मोजक्याच ठिकाणी होतं. त्यातलं एक नाशिकरोड.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून रेल्वे आली ती गोदाकाठच्या नाशिकला वळसा घालून, आठ-नऊ किलोमीटर लांबून. शहरात जायला पुढे ट्राम सुरू झाली. सुरुवातीला ती घोडे ओढत. स्टेशनाभोवतीच्या त्या वस्तीचं नशीब पालटलं ते 1925 मध्ये. तोवर भारताची पोस्टाची तिकिटं लंडनच्या द ला रू कंपनीत छापून बोटीने यायची आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून. छापखान्यासाठी नाशिकची कोरडी हवा आणि मुंबईला जोडणारी रेल्वे सोयीची ठरली, आणि इंडिया सिक्युरिटी प्रेस इथे उभी राहिली. 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस आली. तिथून बाहेर पडलेली पहिली नोट पाच रुपयांची होती, पंचम जॉर्जच्या चित्राची.

मला सगळ्यात थक्क करतो तो पुढचा योग. 1933 च्या फेब्रुवारीत राजाचं चित्र असलेल्या नोटा आणि तिकिटं इथे छापली जात होती, तेव्हाच नाशिकच्या तुरुंगात त्याच राजाचे कैदी असलेले साने गुरुजी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून पुरी करत होते.

आणि 1947! ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानने काढलेली पहिली तिकिटं म्हणजे आपलीच तिकिटं होती, राजाच्या चित्रावर 'पाकिस्तान' अशी अक्षरं उमटवलेली; ती अक्षरं नाशिकच्या प्रेसमध्ये उमटवली गेली. 21 नोव्हेंबरला स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट आलं, तिरंग्याचं, 'जय हिंद' लिहिलेलं. तेही नाशिकचंच. 1948 मध्ये पाकिस्तानने वापरलेल्या सुरुवातीच्या नोटाही इथल्याच: भारतीय नोट, वर 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असा जादा छाप. फाळणी झाली, तरी दोन्ही देशांचं चलन काही काळ एकाच उपनगरातून जात होतं.

प्रेसच्या नोकरीने नाशिकरोडला कामगार वसाहती दिल्या, भरलेला बाजार दिला. 1970 च्या सुमारास शेजारच्या एकलहऱ्यात औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. नाशिकरोड-देवळालीची स्वतंत्र नगरपालिका होती. 1982 मध्ये ती नाशिक महापालिकेत विलीन झाली.

मग हवा बदलली. नोटांसाठी 1970 च्या दशकात देवासचा छापखाना आला, 1990 च्या दशकात म्हैसूर आणि सालबोनीचे. मोबाइल आला तसं आंतर्देशीय पत्र लिहिणारे हात कमी झाले, मुद्रांक कागदाच्या कामात ऑनलाइन मुद्रांकन शिरलं. आता तर चहावालाही टपरीवर क्यूआर कोड लावतो. एकलहऱ्याचे सुरुवातीचे दोन संच केव्हाच बंद झालेत. 2006 मध्ये दोन्ही प्रेस थेट सरकारी खात्यातून नव्या सरकारी महामंडळाकडे गेल्या. तरी 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा देशाची नजर पुन्हा इथल्या यंत्रांवर खिळली.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या गावाने कागदाला किंमत दिली, त्याला कागदाची ओहोटी लागणारच होती, पण ते बुडालेलं नाही. परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या खिशातली पासपोर्टची पुस्तिका नाशिकलाच छापली जाते, आणि चिप बसवलेला नवा ई-पासपोर्टही तिथेच तयार होतो.