गाडीला वळवतं कोण?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या चौथीच्या वर्गात प्रवासाच्या गप्पा रंगल्या होत्या. एक जण उठून म्हणाला, "बाई, मोटारीले स्टेरिंग असते. इंजिनले तं नसते. मंग बडनेऱ्याहून गाडी अमरावतीकडे वळते कशी?" वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. प्रश्न लाखमोलाचा होता!

आपल्या वऱ्हाडात अशा वळणांची कमी नाही. मुंबई-नागपूर मार्गावरच्या बडनेऱ्याहून एक फाटा अमरावतीला जातो, दुसरा नवी अमरावतीवरून नरखेडला. अकोल्याहून एक वाट पूर्णेकडे, एक अकोटकडे.

गाडी ड्रायव्हर वळवत नाही, रूळ वळवतात. जिथे वाट फुटते, तिथे पात्यासारखे निमुळते होत गेलेले दोन रूळ असतात. त्याला म्हणतात सांधा. ही पाती वीतभरही सरकत नाहीत, पण तेवढ्यानंच अख्खी गाडी दुसऱ्या वाटेला लागते. चाकाची आतली कड रुळाला धरून चालते ना, म्हणून!

पूर्वी केबिनमध्ये मोठमोठे लोखंडी खटके असत. ते ओढले की तारा आणि दांड्यांच्या जोरावर दूरचा सांधा हलायचा. आता मोठ्या स्टेशनांत सांध्याजवळ विजेची मोटार असते आणि साऱ्या सांध्यांची सूत्रं एका खोलीत असतात. तिथे पॅनेलवर स्टेशनचा नकाशाच काढलेला असतो. गाडी कुठून येणार आणि कुठे जाणार, ती दोन बटणं स्टेशनमास्तर एकदम दाबतात. मग वाटेतले सगळे सांधे आपापल्या जागी फिरतात, कुलूपबंद होतात आणि 'आम्ही बसलो' असा निरोप उलट पाठवतात. तो आल्यावरच सिग्नल उघडतो. त्या वाटेवर दुसरी गाडी उभी असेल, तर बटण कितीही दाबा, सिग्नल लालच! या बंधनाला इंटरलॉकिंग म्हणतात. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिरानं 1856 साली त्याचं पेटंट घेतलं होतं.

तपासणी किती कडक असते, ऐका. पात्याच्या टोकाजवळ अवघा 5 मिलीमीटर जाडीचा तुकडा ठेवून पाहतात. तेवढ्या फटीतही सांध्यानं 'बसलो' म्हणायचं नाही!

आम्ही वर्गात हाच खेळ खेळलो. चार मुलं सांधे, एक मुलगी स्टेशनमास्तर, बाकीच्यांच्या दोन आगगाड्या. एक सांधा जागचा हललाच नाही आणि ओरडला, "झालं बाई!" दोन्ही गाड्या एकमेकींवर धडकल्या. हसून हसून पुरेवाट झाली.

पण खऱ्या रुळांवर हे हसण्यावारी नेता येत नाही. 2 जून 2023 रोजी ओडिशात बहानगा बाजार इथे कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ वाटेचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र बाजूच्या वाटेला लागलेला. ती उभ्या मालगाडीवर आदळली. 290 हून जास्त माणसं गेली. सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करताना झालेल्या चुका चौकशीत पुढे आल्या. वायर चुकीची जोडली गेली, तर खोलीत बसलेल्या माणसाला खोटाच निरोप मिळतो.

कॉम्प्युटरच्या जाळ्यातही स्विच नावाच्या पेट्या असतात. त्या निरोपांना वाट दाखवतात. अशा अनेक पेट्या एका जागेवरून सांभाळता येतात. तत्त्व तेच : हुकूम एकाचा, पण उलट येणारी खबर खरी हवी.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी बडनेऱ्याला गेलात की फलाटावरूनच, आईबाबांचा हात धरून, सांधे शोधा. रुळांवर मात्र उतरायचं नाही हं! आणि घरी किंवा शाळेत कुणी काम सांगितलं, तर ते पुरतं झाल्यावरच म्हणा, "झालं!"