मुलाखत पुण्यात, तयारी मात्र गावातच

बारावीचा निकाल लागतो, पोराने किंवा पोरीने चांगले मार्क पाडलेले असतात, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला असतो आणि जूनमध्ये एक दिवस बोलावणे येते. सकाळी दहा वाजता, मूळ कागदपत्रांसह, पुण्यात हजर राहावे. हातात आठ-दहा दिवस. पेरणी तोंडावर, खिसा रिकामा. मग बहुतेक घरांत एकच तोड निघते. रात्रीची एसटी धरायची, पहाटे उतरायचे, स्टँडवरच्या नळावर तोंड धुवायचे आणि तसेच मुलाखतीला जायचे. लॉजचे पैसे वाचतात हे खरे. पण रात्रभर जागलेले पोर चार अनोळखी माणसांपुढे बसते तेव्हा स्वतःचे नाव सांगतानाही चाचरते. तीन-चार वर्षांच्या फीचा नाहीतर राहण्या-जेवणाचा प्रश्न सुटायचा असतो, तो एका रात्रीच्या झोपेपायी अडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. महाडीबीटीवर भरतो त्या सरकारी शिष्यवृत्त्यांना मुलाखत नसते. मुलाखत घेतात त्या विश्वस्त संस्था, काही खासगी विद्यापीठे आणि गरीब मुलांसाठी चालणारी वसतिगृहे. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करते आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, तेव्हाही प्रश्न हाच होता. खेड्यातले पोर शहरात शिकायला आले तर राहणार कुठे? सव्वाशे वर्षे होऊन गेली, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री तो प्रश्न अजून तसाच उभा राहतो.

म्हणून बोलावणे आल्याबरोबर पहिले काम करा. पत्रावर जो फोन नंबर असेल त्यावर मुलालाच फोन करायला लावा. तीन गोष्टी विचाराव्यात. राहण्याची सोय होईल का? प्रवासखर्च मिळतो का? त्या दिवशी येणे जमणारच नसेल तर तारीख बदलते का, किंवा व्हिडिओवर मुलाखत होते का? विचारायला आपली माणसे फार लाजतात. "आधीच मदत मागतोय, त्यात आणखी काय विचारायचं?" असे म्हणतात. अहो, सुट्टीच्या दिवसांत वसतिगृहाच्या खोल्या पुष्कळदा रिकाम्या असतात आणि अशा संस्थांना लांबून येणाऱ्या मुलांची सवय असते. विचारले नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. मात्र मुलाखतीच्या आधी कोणी 'नोंदणी फी' म्हणून पैसे मागू लागला तर तिथेच थांबा आणि संस्थेच्या कार्यालयात खात्री करून घ्या.

आता प्रवास. नियम एकच ठेवा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, दिवसाउजेडी पुण्यात पोचायचे. सोलापूर-पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. नकाशावर फार दिसत नाही, पण मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट भागातल्या गावांना आधी तालुक्याला यायचे आणि तिथून पुढची गाडी धरायची असते. सोलापूरहून सकाळी हुतात्मा एक्सप्रेस आहे, फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. 'सकाळी बसलं की दहा-साडेदहाला पुण्यात' असे शहरातले लोक सांगतात, ते त्यांच्यापुरते खरे आहे. गावाकडच्या माणसाला ती पहाटेची गाडी धरायला रात्रीच सोलापुरात येऊन पडावे लागते. शिवाय गाडी तासभर लेट झाली तर दहाची मुलाखत गेलीच म्हणायची. आदल्या दिवशी जाणाराला मात्र हीच हुतात्मा उत्तम. करमाळा, माढा, बार्शीकडच्यांनी ती कुर्डुवाडीला धरावी.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते आणि आपले पत्र येते आठ दिवस आधी. म्हणजे सिद्धेश्वरसारखी रात्रीची गाडी तोवर भरलेली असते. तत्काळचे तिकीट गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी मिळते, वातानुकूलित डब्याचे सकाळी दहाला, स्लीपरचे अकराला. मोबाइलवर काढलेले तिकीट शेवटपर्यंत वेटिंगमध्येच राहिले तर ते आपोआप रद्द होते. त्यावर डब्यात चढू नका. टीसी दंड करील आणि नेमका त्याच दिवशी.

एसटीत एक फायदा आहे, तो बापमंडळींनी समजून घ्यावा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पोरगी आणि तिची आई गेल्या तर दोघींचा मिळून एका पूर्ण तिकिटाचा खर्च. पोराबरोबर बाप गेला तर दोन पूर्ण, आई गेली तर दीड. त्यात जूनमध्ये बापाचा पाय शेतातून निघत नाही. मग आईच का जाऊ नये? पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर एसटी फुकट आहे, पण त्यांना पुण्याच्या रहदारीत सांभाळणार कोण, हा प्रश्न निराळा!

तारीख पाहताना पंचांगही पाहा. ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, भवानी पेठ आणि नाना पेठ माणसांनी फुललेली असते. पेठांतल्या लॉजमध्ये त्या दिवसांत खोली मिळेल या भरवशावर जाऊ नये. पुढे तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवतवरून निघते, म्हणजे आपल्याच सोलापूर रस्त्यावर. वाहतूक वळवलेली असते. आषाढी जवळ आली की एसटीच्या कितीतरी गाड्या पंढरपूरकडे लागतात आणि नेहमीची गाडी रद्द झालेली स्टँडवर गेल्यावर कळते. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही, पण मुलाखतीच्या गडबडीत ध्यानात राहत नाही. आदल्या दिवशी आगारात फोन करून विचारावे.

सोलापूर रस्त्याने येणारी एसटी हडपसरवरून स्वारगेटला जाते. मुलाखत हडपसरच्या अंगाला असेल तर स्वारगेटपर्यंत जाऊन परत येण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की डेक्कनकडे, कोथरूडच्या बाजूला वनाजपर्यंत जाता येते. रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा हे बरे. पोचल्यावर संध्याकाळी एकदा मुलाखतीचे ठिकाण पाहून यावे. फाटक कुठे, कचेरी कितव्या मजल्यावर, पोचायला किती वेळ लागला. सकाळची निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

राहायचे कुठे, इथे खरी गोची असते. संस्थेने सोय केली तर प्रश्नच नाही. नाही केली तर पहिला विचार येतो पाहुण्यांचा. चुलत मामा चाकणला, आतेभाऊ भोसरीला. पाहुणे चांगलेच असतात, पण भोसरीहून कोथरूडला सकाळच्या गर्दीत जायचे म्हणजे दीड-दोन तास हाताशी हवेत. त्यातून रात्री बारापर्यंत गावाकडच्या गप्पा, शेजारच्या खोलीत टीव्ही. आमचे मत विचाराल तर लांबच्या पाहुण्यापेक्षा जवळचे साधे लॉज बरे. पाहुण्यांकडे मुलाखत झाल्यावर जावे, मग खुशाल मटण खावे.

गावातले एखादे पोर पुण्यात शिकत असेल तर त्याच्याकडे एक रात्र काढता येते. पण ते वसतिगृहात असेल तर रेक्टरची परवानगी आधी घेतलेली हवी. रात्री अकराला बाहेर काढले तर कुठे जाणार?

लॉजमध्ये ओळखपत्र मागतात, दोघांचेही. बारावी झालेले पोर पुष्कळदा सतराच वर्षांचे असते आणि अठराच्या आतल्याला एकट्याला खोली देत नाहीत. ही अडचण काउंटरवर उभे राहिल्यावर कळते. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाबरोबर मोठे माणूस हवेच. भाडे आधी ठरवा, खोली आधी पाहा आणि दिवस कसा मोजतात ते विचारा. काही ठिकाणी चोवीस तास, काही ठिकाणी दुपारी बाराला खोली सोडावी लागते. मुलाखत लांबली तर दुसऱ्या दिवसाचे भाडे बसते. रेल्वेने गेलात तर पुणे स्टेशनच्या विश्रामकक्षाचीही चौकशी करावी. तो रेल्वेच्या तिकिटावरच मिळतो.

मुलींच्या बाबतीत तर 'राहायची सोय नाही' एवढ्यावरच बोलावण्याचे पत्र घडी घालून ठेवले जाते. ती पोरगी नापास झालेली नसते, ती गेलेलीच नसते. आई सोबत आणि मुक्काम संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात, एवढे एका फोनवर जमण्यासारखे असते. तो फोन घरातल्याने नाही केला तर ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नाहीतर शाळेतल्या बाईंनी करावा.

आणि भाऊसाहेबांसाठी आणखी दोन कामे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. गावातले कोण पुण्यात, मुंबईत कुठे शिकते, कुठे नोकरीला आहे आणि त्याचा नंबर काय. खर्च काहीच नाही, पण ऐनवेळी ती वही लॉजपेक्षा उपयोगी पडेल. तलाठी भाऊसाहेबांकडे मागणे उत्पन्नाच्या अहवालाचे. तो अडकला की तहसीलचा दाखला अडकतो आणि दाखला नाही म्हणून निघायची तारीख पुढे ढकलली जाते, मग पुन्हा तीच रात्रीची गाडी. पालकांनीही मुलाखतीचे पत्र येण्याची वाट न पाहता मे महिन्यातच दाखल्याला अर्ज टाकावा.

कागदपत्रांच्या फाइलचे म्हणाल तर ती एसटीच्या वरच्या फळीवर ठेवू नये, मांडीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाचे दिवस आहेत. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या पिशवीत वेगळा. आणि संस्था प्रवासखर्च देणार असेल तर जाता-येतानाची तिकिटे जपा. एसटीच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटाची शाई काही दिवसांत उडते, कोरा कागद हातात राहतो. पुण्यात उतरल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढून फाइलमध्ये लावावी.